सुभेदाराचं पथ्य

सुभेदाराने बशी हुंगली, काकांकडे पाहिलं आणि मागचा पाय झटकून तो चालता झाला.

"पाच," काकू शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या. "सकाळपासून पाचव्यांदा."

सुभेदार हा काका-काकूंचा सात किलोंचा बोका. गेल्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मधुमेह झाल्याचं सांगितलं. त्याची आवडती कोरडी बिस्किटं बंद, कारण त्यांत पिठाचा भाग फार. आता फक्त डब्यातलं ओलं, मऊ, मांसाचं खाणं. दिवसातून दोनदा इन्सुलिन, पण तेही पोटात काही गेल्यावरच. बाईंनी सांगितल्याप्रमाणे काकांनी जुनं आणि नवं मिसळून दिलं. सुभेदाराने बिस्किटं तेवढी निवडून खाल्ली आणि ओलं सतरंजीला पुसलं. बिस्किटं संपली तशी कालपासून त्याने तोंडाला कुलूपच लावलं.

दुपारी काकांनी घाबरून फोन केला. "मांजराने इतकं उपाशी राहणं बरं नाही, यकृत बिघडतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहापर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. भरती करून नळीने भरवावं लागेल."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. स्वतःची साखर वाढल्याचा कागद हाती आला तेव्हा तो एवढा उतरला नव्हता. तो कागद त्यांनी घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला होता आणि काकूंनी वाढलेल्या उकडलेल्या भाज्यांसमोरून ते असेच उठून चालते झाले होते.

काका संग्रहालयात पहारेकरी होते. मांडलेल्या वस्तूंना कुणी बोट लावू नये म्हणून उभं राहण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यामुळे बशी ठेवली की तिच्यापासून दोन पावलांवर, हात पाठीमागे बांधून ते उभे राहत आणि सुभेदारावर नजर रोखत.

"अहो, तुम्ही असे उभे राहिलात तर मलासुद्धा घास गिळवणार नाही."

"मग लक्ष कोण ठेवणार?"

"कशावर? तो काय बशी पळवणार आहे?"

काकांनी खाणं कोमट केलं. घरभर असा वास सुटला की काकूंनी खिडक्या उघडल्या. मग 'बघ, किती छान आहे' म्हणत काकांनी बोटाने चाटून दाखवण्याचं नाटक केलं. ते नाटकच होतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण नंतर ते म्हणाले, "मीठ जरा कमी आहे." शेवटी त्यांनी पलंगाखाली, खिडकीत, दाराशी, दिसेल तिथे बशा मांडल्या. एवढ्या बशा आपल्या घरात आहेत हे काकूंना तेव्हा कळलं.

साडेपाचला बँकेतल्या मॅनेजरबाई शिवायला दिलेला कोट घालून बघायला येणार होत्या. फिकट बदामी रंगाचा तो कोट काकूंच्या कापायच्या टेबलावर पसरलेला होता. त्या टेबलावर चहाचा कपसुद्धा टेकवायची कुणाची छाती नव्हती. पण सव्वापाचला दाराशी ठेवलेली बशी काकांच्याच पायाखाली आली, खाणं उडालं आणि काकूंचा संयम संपला. त्यांनी उरलेल्यांतली एक बशी उचलली, रागाच्या भरात टेबलावर आदळली आणि वर झाकण ठेवलं.

"आता हिला हात लावाल तर खबरदार!"

हे काकांना होतं. कान मात्र सुभेदाराचे टवकारले. काका-काकू फरशी पुसायला वाकले, तेवढ्यात वर झाकण वाजलं. सुभेदार टेबलावर होता. झाकण एकीकडे, बशी कलंडलेली आणि अर्धं खाणं कोटाच्या बाहीवर. आणि सुभेदार ते मचमच खात होता.

"कोट!" काका धावले.

काकूंनी त्यांचा दंड पकडला. "हलू नका. खातोय तो."

दोघं श्वास रोखून उभी राहिली. दारावरची घंटा वाजली.

काकूंनी एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा बोक्याकडे. मग गळ्यातली टेप सारखी करून त्या बाहेर गेल्या आणि दार पाठीमागे ओढून घेतलं. "मापं पुन्हा घेते हं. इथे उजेड चांगला आहे." जिन्याच्या तोंडाशी त्यांनी मॅनेजरबाईंचे खांदे तीनदा मोजले.

आतून काकांचा आवाज आला, "बाही संपली! आता बशी!"

"कुणाची बाही?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"तुमचीच," काकू म्हणाल्या. "म्हणजे... नवी लावते. उद्या न्या."

सहाला इन्सुलिन टोचून झालं. डॉक्टरीणबाईंना "खाल्लं, सगळं खाल्लं" हे काकांनी दोनदा सांगितलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. संग्रहालयात एक दगड मुद्दाम हात लावून बघायला ठेवला होता, तो कुणी ढुंकून पाहत नसे. दोरापलीकडच्या मडक्याकडे मात्र सगळ्यांची बोटं वळवळत. तीस वर्षं हे रोज पाहून आपल्याला कसं सुचलं नाही?

त्यांनी संग्रहालयातला टाकून दिलेला मखमली दोर मागून आणला. रोज दोन वेळा स्टुलावर बशी, भोवती दोर, "हात लावू नये!" अशी गर्जना आणि मग पाठ फिरवायची. सुभेदार चोरून सगळं फस्त करी. महिन्याभराने त्याची साखर उतरली, तेव्हा डॉक्टरीणबाईंपेक्षा काकाच जास्त हसले.

त्याच आठवड्यात काकांनी स्वतःचीही तपासणी करून घेतली. तीही साखर उतरली होती. काका चक्रावले. पथ्याचा घास त्यांनी एकदाही ताटात घेतला नव्हता. उलट महिनाभर चोऱ्याच केल्या होत्या. फ्रिजमध्ये वरच्या फळीवर दोरा बांधलेला एक डबा असे, त्यावर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी: 'पाहुण्यांसाठी. हात लावू नये.' काका रोज त्यातलंच लांबवून पोट भरत. पाहुण्यांचं खाणं फारच चवदार लागे.

आज दोरा सोडून त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. फरसबीच्या उकडलेल्या शेंगा, फ्लॉवर, अंडं. आणि महिन्याभरात घरी एकही पाहुणा आलेला नव्हता.

"खबरदार हं, हात लावाल तर!" शिवणयंत्र न थांबवता काकू आतून ओरडल्या.

काका डबा धरून तसेच उभे राहिले. खाली सुभेदार बसला होता, हे सगळं फार आधीपासून ठाऊक असल्यासारखा. काकांनी यंत्राच्या आवाजाकडे कान दिला आणि हळूच एक शेंग तोंडात टाकली.