दोन बाजूंचे दिगंबर सर

आमच्या खुटबावात दिगंबर सरांना कोणी चहा घेणार का, असं विचारत नाही. सरळ पुढ्यात आणून ठेवतात. विचारलं की सर चष्मा कपाळावर चढवतात आणि सुरू होतात, "एका बाजूनं पाहिलं तर चहाची तल्लफ आहे. दुसऱ्या बाजूला, आत्ता घेतला तर जेवणाची भूक मरते." दुसरी बाजू संपेपर्यंत चहावर साय धरते.

सर पुण्याच्या एका संस्थेत पाण्यावर संशोधन करून निवृत्त झाले आणि गावी परतले. बायको आधीच गेलेली, मुलगा परदेशात. एवढा शिकलेला माणूस फुकटात मिळतोय म्हटल्यावर लोक सल्ल्याला गेले. शेजारच्या शांतारामने मुलीला आलेल्या स्थळाबद्दल विचारलं. मुलगा कुरकुंभला कंपनीत. सर म्हणाले, "एका बाजूला पगार महिन्याचा महिन्याला. दुसऱ्या बाजूला नाइट शिफ्टनं माणूस चिडका होतो. काय सोसवेल ते तुम्ही ठरवा." शांतारामने लग्न ठरवलं, फक्त सरांना पत्रिका दिली नाही.

गावाच्या वरच्या अंगाला तलाव आहे. उन्हाळ्यात त्याचं पाणी चारीनं उसाला सोडलं की ऊस तरतो. तलावातच ठेवलं तर ते झिरपून खालच्या वस्तीच्या विहिरींना पुरतं. दोन्ही होत नाही. गावी आल्यापासून सर त्या विहिरींत दोरी सोडून पाणी मोजत असत. यंदा पाऊस कमी झाला, तेव्हा दौंडला तहसीलदार साहेबांनी बैठक लावली आणि अभ्यासक म्हणून सरांना बोलावलं. सरकारला अभ्यासक लागतोच, त्याच्याशिवाय बैठकीचा फोटो भरल्यासारखा दिसत नाही.

नकाशांची भेंडोळी धरायला मी स्कूटरवर मागे बसलो. माझा ऊस त्याच चारीवर. त्यामुळे सरांचं कोणी ऐकू नये, एवढीच माझी निःपक्षपाती इच्छा होती.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "सर, थोडक्यात सांगा. दोन्ही बाजू नकोत." मला वाटलं, सरांचा कारभार आटोपला. पण सर उभे राहिले आणि स्वच्छ बोलले, "मार्चनंतर चारी सोडली की खालच्या विहिरी आटतात. दरवर्षी मोजलंय. उसाचं नुकसान भरून देता येईल, प्यायच्या पाण्याचं नाही. चारी बंद ठेवा." साहेबांनी चक्क पेनचं टोपण काढलं.

इथं शहाण्या माणसानं खाली बसावं. सर बसले नाहीत. "एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "खालच्या वस्तीवर माझी थोरली बहीण राहते. ते लक्षात घेऊन माझं मत धरा."

आमच्या गावचे बडे बागायतदार आप्पा तोंडातली सुपारी गालात सारून उठले. "बघा सायेब! म्हंजी ही बहिनीची माया हाय, अभ्यास न्हाई!" हशा पिकला. आप्पांचा स्वतःचा ऊस किती, हे कोणी विचारलं नाही. साहेबांनी टोपण लावलं आणि समतोल साधला. पाणी उसाला, आणि खालच्या वस्तीला पाटी, 'पाणी जपून वापरा'.

माझं तर फावलं होतं, तरी परतताना मला सरांचा भयंकर राग आला. "कोणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"उद्या कळलं असतं, तर मोजलेलंही खोटं ठरलं असतं," सर म्हणाले.

एप्रिलमध्ये विहिरी आटल्या. टँकर यायचा, पण त्या झोंबाझोंबीत म्हाताऱ्या माणसाचा निभाव लागत नाही. सर रोज सकाळी स्कूटरवर पाण्याचे दोन कॅन लादून वस्तीवर जाऊ लागले. कुठे निघालात म्हटलं की, "फील्डवर्क."

एकदा मी वस्तीवर गेलो, तर सर बहिणीच्या, म्हणजे आक्कांच्या ओट्यावर भाकरी खात बसले होते. लहानपणची कुठलीशी गोष्ट सांगून स्वतःच हसत होते. त्यांना असं हसताना मी गावात कधी पाहिलं नव्हतं. मागच्या दारी शेजारीण दुसरा कॅन गुपचूप उचलून नेत होती. मी पाहिलं, तशा आक्का जवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या,

"माझं एका कॅनात भागतं, बाबा. पन दिगूला सांगू नगं. कळलं, तर दिसाआड यील."