९८७६५४३१२ चा संशयित

लुकांग गावात गुप्तहेर एकच, फांग साहेब. त्यांच्या कार्डावर 'मध्य तैवानमधला सर्वांत तल्लख मेंदू' असं छापलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'हरवलेली मांजरंही शोधून मिळतील' अशी पुस्ती होती. मांजरं आपली आपणच परत येतात, हे त्यांची मदतनीस सू-चेनबाई अकरा वर्षं पोटात ठेवून होती.

त्या दुपारी दोघं थांग आजोबांच्या काष्ठौषधींच्या दुकानात आले. आजोबांची लेक पी-हुआ रडकुंडीला आली होती.

"अर्धांगवायूनंतर बाबांची वाचा गेली. रोज अबॅकसवर हाच आकडा मांडतात आणि टेबलावर मूठ आपटतात. दादा तैचुंगला असतो, तो म्हणतो, डोकं गेलंय, वृद्धाश्रमात ठेवू. उद्या न्यायला येतोय."

अबॅकसवर कालचे मणी तसेच होते. ९८७६५४३१२. सू-चेनबाईने तोंड उघडलं.

"आधी मेंदू, मग तोंड," साहेब म्हणाले. "आठने भाग जातो, नऊनेही जातो. इतका मनमिळाऊ आकडा सज्जन असूच शकत नाही. शिवाय नऊपासून रांग नीट उतरते, फक्त शेवटच्या एक आणि दोननी जागा बदलल्यात. अर्थात, हे खरे थांग आजोबा नव्हेतच."

आजोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की साहेबांनी तो मुद्दा तिथेच सोडला.

मग चाळीस मिनिटं ते कॅल्क्युलेटरशी झटले. "आठ आणि नऊ काढले की उरतात ३६०७ आणि ३८०३. दोघांनाही कशानेच भाग जात नाही. घुमे आहेत, काहीतरी लपवताहेत. छत्तिसाव्या खणातली सातवी पुडी काढा."

पुडीत औषधासाठी वाळवलेल्या गोमा निघाल्या. अडतिसाव्या खणातल्या तिसऱ्या पुडीत रातकिड्यांनी टाकलेली कवचं होती. साहेबांनी दोन्हींचा वास घेतला आणि बराच वेळ शिंकत बसले.

इकडे आजोबांनी जुना आकडा पुसून नव्याने १२३४५६७८९ मांडले होते. डाव्या हाताने मांडत होते, पण मणी चुकत नव्हता. चार वाजता आकडा पुन्हा ९८७६५४३१२ वर पोचला. तेवढ्यात पी-हुआ काढ्याची वाटी घेऊन आली. "बाबा, औषध," म्हणत तिने अबॅकस उचलून बाजूला ठेवला. आजोबांनी मूठ आपटली.

"तो परत दे त्यांना," सू-चेनबाई म्हणाली.

आजोबांनी शेवटच्या दांडीवरचा एक मणी काढला, शेजारच्या दांडीवर एक चढवला आणि मागे टेकले. ९८७६५४३२१. चेहरा महिन्याभरात पहिल्यांदाच सैलावला.

"आमच्या शाळेत करून घ्यायचे हे," सू-चेनबाई म्हणाली. "एक ते नऊ मांडायचे, तीनदा दुप्पट करायचे, शेवटी नऊ मिळवायचे. आख्खी रांग उलटी होते. एक मणी चुकला तर सगळं फसतं. यांचं एकदाही फसलं नाही. तू रोज नऊ मिळवायच्या आत वाटी आणतेस, बाई."

पी-हुआने हातातली वाटी खाली ठेवली. "म्हणजे मीच?"

"माझा पहिल्यापासून तुमच्यावरच संशय होता," साहेब म्हणाले.

पी-हुआने डोळे पुसत भावाला फोन लावला. "दादा, बाबांचं डोकं आपल्या दोघांपेक्षा ताळ्यावर आहे. नाही, तू ये की. फक्त एक ते नऊची तीनदा दुप्पट आधी तू करून दाखव, कॅल्क्युलेटरशिवाय. जमलं तर ने त्यांना."

 मग दादाला उद्या तैचुंगमध्येच काम निघालं.