नेतरामजींची पहिली ओळ

तुमच्या गावातल्या गाईचं नाव सरकारी रजिस्टरात आहे आणि तिला रोज वैरण घालणाऱ्या बाईचं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नव्हतं. आणि मी तर पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील सभांमधून पुस्तिका विकायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच 'बंधूंनो आणि भगिनींनो' या शब्दांवरून. अन्याय कुठे लपलाय ते मला नुसत्या वासावरून कळतं, असा माझा समज होता. तो सानगडीच्या एका माणसाने मोडला.

नेतरामजी गोचिडी मारतात. आधी जनावरांच्या मारायचे, गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते म्हणून. आता संगणकातल्या मारतात. रोज सकाळी चहा घेतला की गाण्यांचा तक्ता उघडतात आणि एकेका खान्यात शिरून शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली रिकामी जागा शोधतात. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यामुळे संगणकाला एका सानगडीची दोन गावं वाटतात. सापडली की नेतरामजी बटण दाबतात आणि मोठ्याने म्हणतात, "मेली!"

"दिसत नाई, पन रगत पेते," ते मला समजावतात.

काकू, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडते, "मी कोनत्या खान्यात हावो, तेबी एकडाव पाहून घ्या!"

गाणी आहेत रोवण्याची, म्हणजे धान लावताना बाया चिखलात वाकून म्हणतात ती. नेतरामजी नोकरीत गावोगाव लस टोचत फिरले. बांधीवरून, म्हणजे धानाच्या खाचरातून, गाणं ऐकू आलं की मोपेड थांबवायचे आणि लसीच्या रजिस्टरातल्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते उतरवून घ्यायचे. पुढच्या बाजूला गाई, मागच्या बाजूला गाणी. अशी पंचवीस-तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या एका कॉलेजातल्या संशोधक मॅडमना कुणीतरी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तक्ता करून द्या, पुस्तक काढू.

संगणक येतो म्हणून मी मदतीला गेले. पहिल्याच दिवशी शंका असलेल्या ओळी मी पिवळ्या रंगवल्या.

"हे काय व्हय?"

"शंका आहे, काका."

"मले तं कावीळ दिसते. उद्या रंग उडाला तं शंकाबी उडन ना वं! शंकेचा येगळा खाना कर. तेथं लिव, कायची शंका, कोनाले."

त्यांचे नियम सगळे दवाखान्यातले. एक जनावर, एक ओळ. एक गोष्ट, एक खाना. माहीत नसेल तर खाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही, "अंदाजानं टोचली तं म्हैस मरते." आणि मूळ फाईलला हात लावायचा नाही, आधी नक्कल काढायची. मला ते पत्रकवाली म्हणत. चार महिने रोज भेटूनही त्यांनी माझं नाव विचारलं नव्हतं. हे मला खटकत होतं, पण बोलले नाही. त्यांनी मूळ वही दाखवली तेव्हा मात्र बोलले.

पानाच्या पुढच्या बाजूला होतं, गाय, कपिला, तांबडी, उजवं शिंग मोडकं. त्याच पानाच्या मागे होतं, गाणारी, दिघोरीवाली.

आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात. दिघोरीहून आली ती दिघोरीवाली. जन्मभर तेच. सासूसाठी तेच, शेजारणीसाठी तेच, आणि नेतरामजींच्या वहीतही तेच.

"काका, गाईचं नाव विचारलंत. बाईचं का नाही?"

"गाईच्या नावाचा रकाना छापून येत होता," ते म्हणाले. मग तक्त्यातली एक गोचिड मारली, पण 'मेली' म्हणाले नाहीत.

आता त्या शनिवारचं सांगते. चार वाजेपर्यंत फाईल नागपूरला जायची होती, सोमवारी पुस्तक छपाईला. सकाळी निरोप आला, गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याची म्हैस अडली आहे. निवृत्त झाले तरी लोक नेतरामजींनाच बोलावतात. मोपेडला किक मारता मारता ते म्हणाले, "पत्रकवाली, काही करजो नोको. करशीन तं नक्कल काढून कर."

मी नक्कल काढली नाही. माझ्या डोक्यात दिघोरीवाली घुमत होती. 'नाव' या खान्यात पन्नासेक अशा 'वाली' होत्या आणि 'गाव' या खान्यात त्यांच्या सासरचं गाव. मला वाटलं, का म्हणून? बाईचं गाव म्हणजे नवऱ्याचं गाव, हे कुणी ठरवलं? जन्मली ते गाव तिचं! मी एकेक 'वाली' उपटली, तिचं माहेर 'गाव' या खान्यात घातलं आणि सासर पुसून टाकलं. 'नाव' रिकामं ठेवलं, कारण 'वाली' हे काही नाव नव्हे. मग फाईल जतन केली आणि बंद केली. एवढा न्याय मी आयुष्यात एका बैठकीत केला नव्हता.

दीड वाजता नेतरामजी परतले. हात कोपरापर्यंत ओले, चेहरा खूश. "पारडी झाली," म्हणत ते खुर्चीत बसले आणि फाईल उघडली. मग बराच वेळ त्यांचं बोट खाली सरकत राहिलं.

"हे कोनं केलं?"

मी माझं सगळं तत्त्वज्ञान सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एका बटनानं साऱ्या बायांले माहेरी धाडलं तू," ते हळू आवाजात म्हणाले. "हे दिघोरीवाली. चाळीस वर्सं सानगडीच्या बांधीत रोवना केला तिनं. गानं तेथचं. तिचे गुडघे तेथच्या चिखलात गेले. अन् तू सानगडीच पुसली? माहेर तिचं हाय, खरं हाय. मंग तेचा येगळा खाना कराचा होता. पोरी, एक खरं लिवाले दुसरं खरं काहून मारलं?"

मी घाईघाईने मागे जायचं बटण दाबून पाहिलं.

नक्कल नव्हती. बंद केलेली फाईल मागे जात नव्हती. अडीच तास होते. नेतरामजी उठले आणि कपाटातून रजिस्टरांचा ढीग माझ्यासमोर आपटला. "वाच. मागचं पान मी पायतो, पुढचं तू."

तेव्हा मला कळलं ते काय करताहेत. मागच्या पानावर गाणं, तर पुढच्या पानावर त्या दिवशी ज्या गावात लस टोचली त्याचं नाव. मी वाचू लागले. कपिला, सानगडी. मोरी, सानगडी. चांदी, दिघोरी. एकेका गाईने एकेका बाईला तिच्या बांधीवर परत आणलं. आम्ही 'माहेर' आणि 'सासर' असे दोन खाने केले. आणि 'नाव'? काकू पदर खोचून फोन घेऊन बसली. "अवं, तुमच्या गल्लीत दिघोरीवाली व्हती ना? तिचं सोताचं नाव काय? नाई, नवऱ्याचं नोको. तिचं!" पलीकडून हसू यायचं. मग कुणीतरी घरात जाऊन विचारून यायचं. दिघोरीवाली निघाली तुळसाबाई. एकेक नाव येत गेलं. मी टाईप करत होते.

साडेतीनला मॅडमचा फोन आला. नेतरामजींनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"सगळं आलं का? एक सांगायचं राहिलं. गाणारीचं नाव नसलेली ओळ काढून टाका. अपुरी माहिती छापता येत नाही."

आता नाव नसलेली एकच ओळ उरली होती, पहिली. माहेर, नाकाडोंगरी. सासर, सानगडी, तेही नेतरामजींनी आठवणीतून सांगितलेलं. गाण्याची जेमतेम अर्धी ओळ. तिला रजिस्टरचं पान नव्हतं, म्हणजे गायही नव्हती. काकूने ती ओळ पाहिली आणि फोन खाली ठेवला.

"ते ओळ निंगनार नाई," नेतरामजी म्हणाले.

"काका, एका ओळीसाठी..."

"ते निंगन तं फाईल येनार नाई, मॅडम."

जन्मभर साहेबांपुढे मान खाली घालून उभा राहिलेला माणूस. काकू त्यांच्याकडे बघतच राहिली. मॅडम म्हणाल्या की विचार करून चारच्या आत सांगा, आणि फोन बंद झाला.

मी विचारलं, "कोण होती ती?"

"मी झालो तवा मायले ताप भरला. दूध नव्हतं. समोरच्या टोलीवरची नाकाडोंगरीवाली आमच्या बांधीत रोजीनं ये. तिची पोरगी तानी व्हती. तिनं मले आंगावर घेतलं. सहा मयने. थे गानं तिचं. मले निजवाले म्हने, असं माय सांगे. मायबी तिले कधी नाव घेऊन बोलली नाई. टोलीवरची बाई आमच्या ओसरीवर येऊन कायले बसे, हे कोनी मोठ्यानं सांगत नव्हते. मी नोकरीले लागलो. मनात ये, जावं, इचारावं. उद्या जाऊ, परवा जाऊ. गेलो तवा घराले कुलूप व्हतं. लोक म्हने, पोरीकडे गेली, तेथंच सरली."

टोली म्हणजे गावाबाहेरची दलित वस्ती, ते मला सांगायची गरज नव्हती. आमचं घर तिथेच आहे.

चार वाजायला दहा मिनिटं होती. मी म्हणाले, "एखादं नाव घालू? निदान ओळ राहील."

"अंदाजानं?" ते म्हणाले. मला लाज वाटली.

मग त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. नाव रिकामं ठेवलं. 'शेरा' या खान्यात एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'नाव विचारायचं राहिलं. चूक लिहिणाऱ्याची.' शेवटी रिकामी जागा पडली नाही ना, ते तपासलं. मग मॅडमना त्यांनी तेवढंच वाचून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "असंच पाठवा."

फाईल गेली. मी पिशवी उचलली तर ते म्हणाले, "बस. 'कोनी तपासलं' हा खाना राह्यला. नक्कल हाय, पाठवून देतो मागून." आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुयं पुरं नाव काय वं?"

मी सांगितलं. आईच्या नावासकट. त्यांनी त्यासाठी दोन खाने केले.

आता तुमच्याकडे एक मागते. तुमच्या घरात, गल्लीत, बांधीत कुणी 'वाली' असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि तिला तिचं नाव विचारा. लिहून ठेवा, एका खान्यात एकच गोष्ट. आणि नाकाडोंगरीच्या लोकांनो, तुमच्याकडची एक मुलगी फार वर्षांपूर्वी सानगडीच्या टोलीवर दिली होती. धान लावायची, गायची, तिला तान्ही मुलगी होती. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिचं नाव विचारा, आणि आम्हाला कळवा. पहिल्या ओळीतला तो खाना आम्ही अजून रिकामा ठेवला आहे.