कुत्र्याचं कोटेशन

एक लाकडी खुर्ची. तिचा पुढचा पाय मुद्दाम तासून आखूड केलेला.

"आई दाखवा! आधी आई दाखवा!" (हे मी ओरडलो. परक्या माणसाच्या अंगणात.)

रबराचं हाडूक. पिवळं. दाबलं की कुंईं करतं.

आमच्या घरात आज कोणीही आनंदी दिसायचं नाही, असा ठराव मंजूर. विरोधात एक मत. तेही नऊ वर्षांच्या मुलीचं, म्हणून बाद.

"फुकटाच्या दुप्पट किती?"

तुम्ही म्हणाल, ह्या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध? मलाही तेव्हा कळला नव्हता. अजूनही पुरता कळलाय अशातला भाग नाही! पण जेवढं कळलंय तेवढं सांगतो.

तर, मला खरेदीत कोणी फसवू शकत नाही! कंपनीच्या खरेदी विभागात उभी हयात गेली माझी. स्क्रूपासून क्रेनपर्यंत सगळं मी घासाघीस करून आणलंय. विकणारे माझ्या केबिनबाहेर असे बसलेले असतात, जसे दाढ काढायला आलेले पेशंट. माझे नियम तीन. तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय पेनाचं टोपण काढायचं नाही. विकणाऱ्याला आरामात बसू द्यायचं नाही (म्हणून ती खुर्ची, माणूस डुगडुगला की भाव घसरतो). आणि तिसरा, सोन्यासारखा नियम: आपल्याला वस्तू हवी आहे, हे समोरच्याला मेलो तरी कळू द्यायचं नाही!

आम्हाला कुत्रा हवा होता.

म्हणजे सासऱ्यांसाठी. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. एके काळचे शाळेतले ड्रिलमास्तर. त्यांनी "सावधान" म्हटलं की म्हणे रस्त्यावरची माणसंही ताठ व्हायची. आता दिवसभर खिडकीशी बसतात आणि दोनच शब्द बोलतात. "हं" आणि "ऊंहूं". जिना उतरायचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, "चालले नाहीत तर पाय कायमचे बसतील." बायकोने विनवलं, मी समजावलं, बबडीने, म्हणजे आमच्या लेकीने, रुसून पाहिलं. हं. ऊंहूं.

मग एका संध्याकाळी बबडीने विचारलं, "आजोबा, आपण कुत्रा आणला तर तुम्ही त्याला फिरायला न्याल?"

"नेईन की," सासरे म्हणाले.

दोन शब्द! आणि दोन्ही नवे! बायको स्वयंपाकघरातून उलथनं घेऊनच धावत आली.

"अहो, आणूया. पण कुठूनही उचलून नाही हं! पिल्लांचे हाल करणारे लोक असतात. नीट चौकशी करून, जबाबदारीने आणायचा."

"चौकशी?" मी म्हणालो. "चौकशीत माझा हात कोण धरणार!"

ठिकाण पहिलं, दुकान. काचेच्या पेटीत सहा पिल्लं, एकावर एक, मोज्यांच्या ढिगासारखी झोपलेली.

"ही येतात कुठून?" मी दुकानदाराला विचारलं.

"वरून येतात."

"वरून म्हणजे?"

"म्हणजे गाडीतून."

"गाडी कुठून येते?"

"तेच तर सांगतोय साहेब, वरून!"

मी वर बघितलं. वर पंखा होता. बाहेर पडलो.

ठिकाण दुसरं, "घरच्या मायेत वाढवलेली पिल्लं" अशी पाटी लावलेला एक गृहस्थ. बायको कुठेतरी वाचून आली होती, की पिल्लाची आई बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही. आई धडधाकट तर घर खरं.

"आई दाखवा," मी म्हणालो.

"आई झोपलीय."

"उठवा."

"तशी ती बाहेर गेलीय."

"झोपलीय की बाहेर गेलीय?"

"बाहेर झोपलीय."

सुरुवातीला सांगितलं ते ओरडणं ह्याच वेळचं. गृहस्थ कुरकुरत मागच्या दाराने गेला आणि एक दांडगं जनावर घेऊन आला. जनावराने आम्हाला हुंगलं, खांबापाशी गेलं आणि शांतपणे पाय वर केला.

मी काही प्राण्यांचा डॉक्टर नाही. पण एवढं मलाही कळतं!

"ही आई?"

"हो."

"हिने आत्ता पाय वर केला."

"सवय लागलीय हो तिला," गृहस्थ म्हणाला, "बापाची."

बायको मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली, नाहीतर मी बापाचीही चौकशी करणार होतो.

ठिकाण तिसरं, लोकांनी सोडून दिलेल्या कुत्र्यांचा निवारा. इथे मात्र सगळं लख्ख. फरशी धुतलेली, पाणी भरलेलं, प्रत्येक कुत्र्याला लस टोचलेली. तिथे एक तपकिरी कुत्रा होता, वयाने मध्यम, एक कान मोडलेला. तो भुंकला नाही. नुसता उठून बबडीच्या पायाला टेकून उभा राहिला, जसा दमलेला माणूस भिंतीला टेकतो. आम्ही त्याचा फोटो काढून सासऱ्यांना दाखवला. ते फोन हातात धरून बसले. स्क्रीन काळी झाली की बोटाने पुन्हा उजळायचे. पुन्हा काळी, पुन्हा उजेड.

ठरलंच!

"भाव काय?" मी निवाऱ्यात फोन केला.

"भाव नाही. फुकट असतो."

जिथे भाव नाही, तिथे घासाघीस कशाची करायची?

"आमच्या ताई रविवारी तुमच्या घरी येतील," पलीकडून आवाज आला. "सगळ्यांशी बोलतील. मग बघू."

हं! आता मला उमगलं. हा नेहमीचाच डाव! आधी फुकट म्हणायचं, मग माणूस पाठवून हळूच रक्कम सांगायची. माझ्या उभ्या नोकरीत माझ्या दारी जो जो आला, तो विकायलाच आला. दुसरं कोणी कशाला येईल?

शनिवारी मी ऑफिसातून ती खुर्ची घरी आणली. बायकोने हौसेने आणलेली गादी, पट्टा, दोन वाडगी आणि ते पिवळं हाडूक, सगळं कपाटात कोंबलं.

"अहो, हे का लपवताय?"

"ह्यातलं काही दिसलं तर दुप्पट सांगतील!"

"पण फुकट आहे ना? फुकटाच्या दुप्पट किती?"

"तोच तर त्यांचा डाव आहे!" मी म्हणालो. हे वाक्य मला स्वतःलाच कळलं नाही, पण आवाज ठाम होता.

मग घरच्यांची तालीम घेतली. कोणी हसायचं नाही. कुत्र्याचं नाव निघालं की खिडकीबाहेर बघायचं. विचारलंच तर म्हणायचं, "असला काय, नसला काय." बबडीने विरोध केला. तो बाद झाला. सासरे म्हणाले, "हं."

रविवारी ताई आल्या. उंच, खांद्याला झोळी, चपला दाराबाहेर काढून आत. मी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या आणि जहाजासारख्या कलल्या. चहा विचारायचा नाही, हे ठरलेलंच होतं.

"तुम्हाला कुत्रा का हवाय?" त्यांनी विचारलं.

मी जांभई दिली. "हवाय असं काही नाही. बघतोय आपलं."

त्या बबडीकडे वळल्या. "आणि तुला गं?"

बबडीने खिडकीबाहेर बघितलं. "असला काय," ती म्हणाली, "नसला..." आणि तिचा खालचा ओठ लटलट हलायला लागला.

"सर्दी आहे तिला," मी म्हणालो.

ताई उठल्या, गॅलरीत गेल्या, कठड्याच्या गजांमधून हात घालून बघितला. (हिला गजांशी काय करायचंय?) स्वयंपाकघरात डोकावल्या. दिवसभर घरी कोण असतं, विचारलं. (घरात कमावते किती, त्याचा अंदाज काढतेय! बेरकी बाई!)

"त्याची झोपायची जागा कुठे केलीत?"

"अजून काही ठरवलं नाही," बायको कपाटाला पाठ लावून म्हणाली. तेवढ्यात कपाटाचं दार तिच्या पाठीमागे किलकिलं झालं, आणि ते पिवळं हाडूक धप्पकन फरशीवर पडलं. कुंईं!

"हे कोणाचं?" ताईंनी विचारलं.

"माझं," मी म्हणालो.

"तुमचं?"

"ऑफिसात फार ताण असतो."

ताई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. समोरचा गप्प झाला की तो नरमला, असा माझा अनुभव. म्हणून मी घाव घातला. "बरं, मुद्द्यावर येऊ. कान मोडका आहे, माल वापरलेला आहे. त्याचं काय कमी करणार?"

"कशातून कमी?"

"फुकटातून."

ताईंनी झोळी मांडीवर ओढून घेतली.

"दोन घेतले तर? आणि मुख्य म्हणजे, पसंत पडला नाही तर किती दिवसांत परत घेता?"

ताईंचा चेहरा असा झाला, जसं मी त्यांच्याच पायावर पाय दिला होता. त्यांनी झोळी खांद्याला लावली.

"मी घर बघायला आले होते."

"कोणाचं?"

"तुमचं. कुत्रा इथे द्यायचा की नाही, ते ठरवायला."

"थांबा, थांबा. म्हणजे माल तुमचा आणि तपासणी माझी?"

"आम्ही विकत नाही हो. आम्ही देतो. आणि सगळ्यांना नाही देत," त्या म्हणाल्या. "काही असलं तर कळवू."

"कळवू"! हा शब्द मी आयुष्यात हजारदा वापरलाय. त्याचा अर्थ मला नका सांगू!

बबडी रडायला लागली, आता सर्दीशिवाय. बायको माझ्याकडे अशी बघत होती, की मला वाटलं, मलाच कुठेतरी परत पाठवणार. ताई दाराबाहेर पडल्या. दोन पायऱ्या उतरल्या.

"थां—ब!"

ताई थांबल्या. आम्ही थांबलो. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सरही थांबला. बबडीने हात मांड्यांना चिकटवून टाचा जुळवल्या.

सासरे उठले होते. कठड्याला धरत, अनवाणी, एकेक पायरी उतरत ते ताईंमागे गेले. बायको मदतीला धावली, तर हातानेच "मागे" अशी खूण केली. आम्ही खिडकीला नाकं लावून उभे. खाली फाटकाशी ते दोघं बोलत होते. ऐकू काही येईना! सासरे हातवारे करत होते, एकदा वर आमच्या खिडकीकडे बोट दाखवलं, मग ताई हसल्या, मग सासरे डोळे पुसायला लागले, मग ताई त्यांना घेऊन पायरीवरच बसल्या. मला काही कळेना. एवढी मोठी बोलणी माझ्याशिवाय!

बऱ्याच वेळाने ते धापा टाकत वर आले.

"बाबा, काय बोललात?" बायकोने विचारलं.

"हं."

"त्या काय म्हणाल्या?"

"ऊंहूं." मग माझ्याकडे वळून, "जावईबापू, ती खुर्ची आधी घराबाहेर काढा."

पुढच्या आठवड्यात ताई कुत्र्याला घेऊन स्वतः आल्या. पट्टा थेट सासऱ्यांच्या हातात दिला. कुत्रा त्यांच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. सासरे म्हणाले, "चला," आणि दोघं जिना उतरायला लागले. पुढे कोण होतं आणि मागे कोण, ते वळणावर दिसेनासं झालं.

ह्या वेळी मी ताईंना सोफ्यावर बसवलं. चहा दिला. बिस्किटंही.

"माफ करा हं," मी म्हणालो, "पण मला खरंच कळलं नाही. मी एवढा गोंधळ घातला, तरी तुम्ही दिलात कसा?"

"तुमच्या मिसेस आणि मुलगी, काही प्रश्नच नव्हता," ताई म्हणाल्या. "अडलं होतं तुमच्यावर. पण आजोबांनी तुमची हमी घेतलीय."

"माझी? हमी?" सवयीने तोंडातून गेलंच, "किती दिवसांची?"

"ते नाही बोलले."

माझ्या "किती दिवसांत परत घेता"वर त्या का उठल्या, तेही मग ताईंनी सांगितलं. आम्ही निवाऱ्यात गेलो, त्याच्या आदल्याच आठवड्यात एका घराने त्या कुत्र्याला परत आणून सोडलं होतं. सोफ्याच्या रंगाशी जुळत नाही म्हणून.