ओबुलेसूचं मुंडण आणि प्राचार्यांची हजेरी

आमच्या नंद्यालच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, तिसऱ्या वर्षाच्या एकसष्ट विद्यार्थ्यांपैकी ओबुलेसू नावाचा एक विद्यार्थी दिनांक सात जानेवारी रोजी सकाळी नऊ वाजता पहिल्या बाकावर बसलेला असूनही गैरहजर आढळला.

कारण साधं होतं. गणिताचा पेपर दोनदा अडल्यावर ओबुलेसूने तिरुपतीच्या देवाला नवस केला होता, की सुटलो तर केस देईन. तिसऱ्या खेपेला तो काठावर सुटला. आमच्याकडे निकालानंतर वर्गात पाच-सहा गुळगुळीत डोकी नेहमीच दिसतात; कुठला विषय अवघड होता हे नवीन प्राध्यापकांना त्यावरूनच कळतं. यंदा गणितात अडलेल्यांपैकी ओबुलेसू एकटाच सुटला, त्यामुळे डोकंही एकच होतं. आणि यंदाच कॉलेजने दारात चेहरा पाहून हजेरी लावणारं यंत्र बसवलं होतं. यंत्राने ओबुलेसूकडे पाहिलं आणि ‘अनोळखी व्यक्ती’ असा शेरा दिला.

मी त्याच्या मागच्या बाकावर बसते, म्हणून साक्षीला त्याच्यासोबत कार्यालयात गेले. तिथे मद्दिलेटी सर हजेरीचं खातं सांभाळतात.

“सर, मी ओबुलेसू.”

“यंत्र नाही म्हणतंय.”

“पण तुम्ही तर ओळखता ना मला? कालच तर तिरुपतीचा लाडू दिला तुम्हाला!”

“लाडू उत्तम होता,” मद्दिलेटी सर गंभीरपणे म्हणाले. “हवं तर लाडवाची पोच देतो. माणसाची पोच यंत्र देतं.”

हजेरी पंच्याहत्तर टक्के भरली नाही तर हॉलतिकीट नाही, आणि हॉलतिकीट नाही तर वर्ष गेलं. दुसऱ्या दिवशी ओबुलेसूची आई अळ्ळगड्ड्याहून पहिल्या बसने आली. तिने मुलाला कार्यालयाच्या खिडकीसमोर आडवं उभं केलं आणि त्याचा कान पिळून पुढे ओढला.

“हा माझा पोरगा. कानामागं तीळ आहे, बघा नीट.”

“अम्मा, तिळाचा रकाना नाही.”

“अहो, जन्म दिलाय मी ह्याला!”

“जन्माची खिडकी वेगळी. ती नगरपालिकेत.”

मद्दिलेटी सर तसे दुष्ट नव्हते. त्यांनी यंत्राच्या कंपनीकडे रीतसर तक्रार केली. कंपनीने हैदराबादेत बसूनच यंत्रात सुधारणा केली आणि कळवलं, की यापुढे आपल्या संस्थेत कोणीही अनोळखी राहणार नाही. ओळख पटली नाही तर यंत्र जवळात जवळचं नाव स्वतःच देईल. सोमवारी ओबुलेसू यंत्रापुढे उभा राहिला. कॉलेजात दुसरं टक्कल एकच होतं.

“सुप्रभात, प्राचार्य महोदय,” यंत्र म्हणालं.

आमचे प्राचार्य डॉ. वरदराजुलू कर्नूलला राहत आणि महिन्यातून दोनदा, सह्यांपुरते, नंद्यालला येत. त्यांचीही हजेरी त्याच यंत्रावर लागे, म्हणजे लागत नसे. आता ती रोज सकाळी आठ बावन्नला लागू लागली. महिनाअखेरीस विद्यापीठाने वक्तशीर प्राचार्यांची यादी काढली, त्यात आमचं कॉलेज पहिलं आलं. वरदराजुलू सर तातडीने नंद्यालला आले आणि त्यांनी ओबुलेसूला केबिनमध्ये बोलावलं. मी पुन्हा साक्षीला होतेच.

“तूच का तो मी?” त्यांनी विचारलं.

“सर, माझी काही चूक नाही...”

“चूक कसली? नऊ वर्षांत मी इतका नियमित कधी नव्हतो. बस, बस. कॉफी घेणार?”

“सर, माझी हजेरी लागत नाहीये.”

“लागतेय की! फक्त माझ्या नावावर. संस्थेचं नाव होतंय, आणि तू आपलं एकट्याचं काय घेऊन बसलास?”

ओबुलेसूचे डोळे भरून आले. आपल्याच चेहऱ्यावर आसवं पाहून असेल, पण प्राचार्यही थोडे विरघळले. प्रवेशाच्या वेळचा, केसांसकटचा फोटो आहे का, असं त्यांनी विचारलं. तो मोठा करून पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि रोज यंत्राला दाखवावा, स्वतःच्या डोक्याने प्राचार्यांची हजेरी लावत राहावी, म्हणजे कोणाचंच नुकसान होणार नाही. फोटो धरण्याची जबाबदारी माझ्यावर आली. यंत्राने पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि “ओबुलेसू, उपस्थित” म्हटलं. त्याला पुठ्ठ्याबद्दल तिळमात्र शंका आली नाही.

एकच अडचण होती, ती म्हणजे केस वाढतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी कॉलेजात न्हावी येऊ लागला. त्या कामाला कार्यालयीन भाषेत ‘परिसर स्वच्छता’ असं नाव होतं. “नवस एकदाच केला होता मी,” ओबुलेसू कुरकुरायचा, पण न्हावी मान हलवू नकोस म्हणायचा.

फोटोलाही हजेरी मिळते ही बातमी वर्गात लपून राहणं शक्य नव्हतं. फेब्रुवारी संपेपर्यंत माझ्याकडे एकसष्ट पुठ्ठे जमा झाले. सकाळी मी ते एकेक करून यंत्राला दाखवायचे, बाकांवर मांडायचे, त्यात माझाही मांडायचे आणि कँटीनमध्ये उग्गाणी-बज्जी खायला जायचे. विद्युतशास्त्राचे सर पुठ्ठ्यांना शिकवत राहिले. इतकी समजूतदार बॅच आपण पाहिली नाही, असं त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं. वर्गात जिवंत माणूस ओबुलेसूच तेवढा असायचा, कारण प्राचार्यांची हजेरी लावून झाल्यावर त्याला दुसरं काम नसे. तो मन लावून ऐकायचा. प्रश्न विचारायला त्याने हात वर केला की सर दचकायचे.

याच सुमारास विद्यापीठाने सर्व विद्यार्थ्यांकडून ‘तंत्रज्ञान आणि माझे शिक्षण’ या विषयावर आत्मपरीक्षण मागवलं. आम्ही ते कँटीनमध्ये बसून लिहिलं. तंत्रज्ञानामुळे मला शिक्षणाकडे दुरून आणि निवांतपणे पाहता आलं, असं मी प्रामाणिकपणे लिहिलं. मला उत्तम शेरा मिळाला. ओबुलेसूने दोन पानं भरून आपली हकिगत लिहिली आणि यंत्रापुढे उभं राहून जमा केली. प्राचार्यांनी विद्यार्थ्यांच्या आत्मपरीक्षणात भाग घेऊ नये, या कारणाने ती परत आली.

परीक्षेच्या दिवशी हॉलच्या दारातही यंत्र होतं. ओबुलेसू हॉलतिकीट छातीशी धरून पुढे झाला.

“सुप्रभात, प्राचार्य महोदय.”

बाहेरच्या कॉलेजातून आलेले पर्यवेक्षक ताडकन उठले आणि त्यांनी आपली खुर्ची रिकामी केली.

“सर, मला पेपर द्या,” ओबुलेसू म्हणाला.

“सगळे पेपर आपलेच आहेत, सर.”

“अहो, मी विद्यार्थी आहे!”

“माणसाने आयुष्यभर विद्यार्थीच राहावं, सर. किती मोठेपणा हा!”

माझ्या पिशवीत त्याचा पुठ्ठा होता. मी तो यंत्राला दाखवला, यंत्राने पुठ्ठ्याला आत घेतलं. पर्यवेक्षकांनी फोटो चौतीस नंबरच्या बाकावर टेकून ठेवला आणि त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका व्यवस्थित मांडल्या. ओबुलेसूने दहा मिनिटं हात चोळत फेऱ्या मारल्या. मग प्राचार्यांना कुठेही बसता येतं हे लक्षात येऊन तो फोटोशेजारी बसला आणि भराभर लिहू लागला. त्याला सगळं येत होतं. आख्ख्या वर्गात त्यालाच येत होतं.

तासाभराने भरारी पथक आलं. विद्यार्थ्याचा पेपर खुद्द प्राचार्य लिहीत आहेत, हे पाहून पथकाचे प्रमुख हबकले. प्राचार्यांवर कारवाई करण्याचा त्यांना अधिकार नव्हता. म्हणून त्यांनी फोटोवर केस केली, की सदर विद्यार्थ्याने संस्थाप्रमुखांवर दबाव आणून त्यांच्याकडून उत्तरं लिहून घेतली.

चौकशीला वरदराजुलू सर स्वतः आले. एकसष्टच्या एकसष्ट जणांना उभं केलं गेलं. कित्येक जण एकमेकांना महिन्यांनी भेटत होते. सर शांतपणे म्हणाले, “यंत्र चुकतं असं ज्याला वाटतं त्याने पुढे यावं. त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवू. मग सगळ्यांचीच हजेरी पहिल्या दिवसापासून नव्याने मोजू.”

ओबुलेसू माझ्याकडे वळला.

“शिरीषा, सांग ना गं. तू तर रोज माझा फोटो धरायचीस.”

माझी खरी हजेरी बारा दिवस होती. मी चपलांकडे पाहिलं.

“सर, फोटोला ओळखते मी,” मी म्हणाले. “ह्यांना नाही.”

बाकीच्यांनीही तेच सांगितलं. सह्या झाल्या. मला लाज वाटली, फार वाटली, आणि मी पहिल्या वर्गात पास झाले. ओबुलेसूचं वर्ष गेलं. त्याला न्यायला आई आली होती. गेटवर तिने त्याच्या कानामागे बोट फिरवून पाहिलं आणि “चल घरी” म्हणाली. तो जाताना यंत्राने त्याला “पुन्हा भेटू, प्राचार्य महोदय” म्हटलं.

हे वाचून तुम्हाला आमचा संताप आला असेल. तिथे मी असतो तर छातीठोकपणे पुढे आलो असतो, असंही वाटत असेल. वाटू द्या. पण परवा तुमच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने तुमच्या सख्ख्या मावशीला, मोबाइलवर नंबर आल्याशिवाय सोडणार नाही म्हणून, भर उन्हात अडवलं होतं. तुम्ही शेजारीच उभे होतात. ही माझी मावशी आहे, हे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, “मावशी, नंबर आला का बघ.”