एकशे बारा आवाजांचं कुलूप

हासेनब्रोक गावच्या इतिहास मंडळाचे चिटणीस वेंडेलिन ब्रॉकमान. सव्वीस वर्षांत मंडळाची एक टाचणीसुद्धा हरवली नव्हती. गावाला हे ठाऊक होतं, कारण ब्रॉकमान दर सभेत ते स्वतःच सांगत.

"माझ्या हातून वस्तू जात नसते!" ते म्हणायचे, आणि कपाटाच्या किल्ल्या अशा वाजवायचे की जणू आरतीची घंटाच!

त्या कपाटात कागदांच्या एक्केचाळीस फायली होत्या, आणि एकशे बारा कॅसेटी. गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना समोर बसवून ब्रॉकमानांनी त्यांच्या आठवणी भरून घेतल्या होत्या. त्यासुद्धा गावच्या अस्सल बोलीत, जी आता कुणाच्या तोंडी उरली नाही. ज्यांच्या तोंडी होती त्यांतले बहुतेक चर्चमागच्या दफनभूमीत ओळीने निजले होते. सात नंबरच्या कॅसेटवर आडेलहाइड ब्रॉकमान होत्या. म्हणजे चिटणिसांच्या आई. युद्धानंतरच्या त्या उपाशी हिवाळ्यात बटाट्याच्या एका पोत्यासाठी त्या बर्फातून कशा अकरा मैल चालल्या, याची दीड तासाची हकिगत.

आता नगरपालिकेला मंडळाची खोली हवी होती. विजेच्या सायकली ठेवायला! राज्याच्या दप्तरखान्याने मात्र मोठ्या मनाने कळवलं, तुमचा ठेवा आम्ही सांभाळू. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत सगळं एकाच फाईलमध्ये दाबून, पासवर्डचं कुलूप लावून, एका डिस्कवर पाठवा. आणि पासवर्ड निराळ्या पाकिटातून, टपालाने. माणसांच्या खाजगी गोष्टी आहेत, कायदा आहे. कुलूप एका गाडीने, किल्ली दुसऱ्या गाडीने!

"सोपं आहे," ब्रॉकमान म्हणाले. "फायली दाबायचा प्रोग्राम माझ्याकडे आहे."

"तो? तो तर चोरीचा!" उपाध्यक्ष आन्सगार लोबे कडाडले. हे निवृत्त औषधवाले. उभं आयुष्य थेंब मोजण्यात गेलेलं.

"चोरीचा कसा? चाचणीची मुदत आहे."

"चाळीस दिवसांची! अहो ब्रॉकमान, तुम्ही अकरा वर्षं चाचणी घेताय! लेकरू झालं असतं तर शाळेत गेलं असतं!"

खरं होतं ते. रोज सकाळी पडद्यावर चौकट यायची, 'आपली मुदत संपली आहे. कृपया विकत घ्या.' आणि क्षितिजापर्यंत गाडी नसतानाही लाल दिव्याला उभा राहणारा हा सज्जन माणूस, इकडेतिकडे बघून 'नंतर' दाबायचा. अकरा वर्षं, नेमाने! एवढ्या नेमाने कुणी देवापुढे दिवा लावला असता तर देव दारी आला असता.

"माझा प्रोग्राम फुकट आहे, उघड फुकट," लोबे म्हणाले. "आणि तुमच्यापेक्षा बारीक दाबतो."

"फुकटचं ते फुकटचं. उद्या अडलात तर कुणाच्या दारी जाल?"

"तुम्ही तर ज्याच्या दारी जाल त्यालाच बुडवलंय!"

"पुरे!" अध्यक्षा हेडविग श्टुकेनबर्गबाईंनी टेबलावर पट्टी आपटली. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, पट्टी अजून पर्समध्ये. "भांडू नका. रीतसर तुलना होईल. मंगळवारी, दहा वाजता."

झाली तुलना. नमुन्याला नेमबाजीच्या जत्रेचे नऊशे फोटो घेतले. बाईंनी स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ आणलं. आधी ब्रॉकमानांचा प्रोग्राम धावला, मग लोबेंचा. मधल्या वेळात मनुका घातलेला केक संपला, कॉफीचे दोन थर्मास संपले, आणि निकाल आला. दोन्हीकडे फाईल जवळजवळ होती तेवढीच! फोटो मुळातच दाबलेले असतात, वाळलेल्या लिंबातून रस निघावा किती?

"पण माझी तीन बाइटांनी लहान आहे," लोबे म्हणाले.

"तीन बाइट! म्हणजे तीन स्वल्पविराम!"

"स्वल्पविराम तर स्वल्पविराम. लिहा बाई, फुकटचा जिंकला."

बाईंनी नऊ पानांचा अहवाल लिहिला. मत घेतलं. दोन विरुद्ध एक. ब्रॉकमानांचं तोंड एकादशीला कांदा चावल्यासारखं झालं. पण ठराव म्हणजे ठराव. ठराव मोडणारा माणूस हासेनब्रोकमध्ये अजून जन्मायचा होता.

"आणि हे बघा," बाई म्हणाल्या, "खोली रिकामी द्यायची आहे. म्हणून प्रत्येक कागद स्कॅन करायचा, स्कॅन झाला की शिक्का मारायचा आणि शिक्क्याचा प्रत्येक कागद कातरयंत्रात. खाजगी माहितीची दुसरी प्रत कुठेही उरता कामा नये. कुठेही!"

"माझ्यावर सोडा," ब्रॉकमान म्हणाले. "माझ्या हातून वस्तू जात नसते!"

बुधवारी त्यांनी चोवीस अक्षरांचा पासवर्ड यंत्राकडून काढून घेतला. आकडे, अक्षरं, दोन उद्गारचिन्हं, एक कंस. माणसाच्या डोक्यात राहू नये असाच तो असतो, आणि नव्हताच राहिला. कागदावर छापून त्यांनी तो रीतीप्रमाणे एक्केचाळीस नंबरच्या फाईलला लावला. पाठीवर लेबल, 'गुप्त'. मग एक ते एक्केचाळीस सगळ्या फायली स्कॅन केल्या आणि पानोपानी शिक्का मारला. कॅसेटींवरचे आवाज त्यांनी आधीच संगणकावर उतरवून ठेवले होते. संध्याकाळी एक्केचाळीसमधला कागद समोर ठेवून, एकेका अक्षरावर बोट धरून पासवर्ड टाकला. फुकटच्या प्रोग्रामने एकशे बारा आवाज आणि एक्केचाळीस फायली गिळल्या आणि कुलूप घातलं. कागद पुन्हा फाईलमध्ये, फाईल पुन्हा कपाटात. काय ती शिस्त!

गुरुवारी डिस्क रवाना झाली. संगणकावरचं मूळ त्यांनी सात वेळा पुसलं, कारण कायद्याला एकदा पुसलेलं चालत नाही असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मग शिक्क्याच्या फायली. एक, दोन, तीन... चाळीस, एक्केचाळीस. कातरयंत्र गुरगुरत होतं आणि ब्रॉकमान यादीवर खुणा करत होते.

राहिल्या कॅसेटी. त्या कुणी सरळ फेकून दिल्या असत्या! ब्रॉकमानांनी नाही. प्रत्येक कॅसेटची डबी प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, आतला कागद निळ्या डब्यात, फीत ओढून काढून काळ्या डब्यात. एकशे बारा वेळा. निर्माल्यसुद्धा कुणी इतक्या जपणुकीने वेगळं करत नाही. सात नंबरची फीत काढताना ती बोटाला गुंडाळली गेली, तेव्हा ते क्षणभर थांबले. पण कचऱ्याची गाडी सकाळी सातला येते.

आली, आणि घेऊन गेली.

शुक्रवारी साडेनऊला ब्रॉकमानांनी दप्तरखान्याला पत्र लिहायला घेतलं. 'सन्माननीय महोदय, काल निराळ्या पाकिटातून पाठवलेल्या डिस्कचा पासवर्ड पुढीलप्रमाणे...'

पेन थांबलं.

"बाई," फोनवर त्यांचा आवाज पिठाच्या चाळणीतून आल्यासारखा येत होता, "एक्केचाळीस नंबरची फाईल..."

"शिक्का होता ना तिच्यावर?"

"होता."

"मग कातरली ना?"

"कातरली."

"मग झालं काय?"

"पासवर्ड त्यात होता."

बाई म्हणाल्या, "पण स्कॅन केला होतात ना?"

"केला होता. तो आहे. सुखरूप आहे. कुलपाच्या आत."

दहा मिनिटांत लोबे हजर. कातरलेल्या कागदाची पोती बघायला दोघे धावले. पण ती ब्रॉकमानांनी आधीच पाळणाघराच्या सशांखाली पसरायला देऊन टाकली होती. वाया काही घालवायचं नाही!

"हे तुमच्या फुकटच्यामुळे!" ब्रॉकमान ओरडले. "पैसे मोजून घेतलेल्याला पासवर्ड विसरल्याची सोय असते. बँकेत असते तशी!"

"नसते हो."

"असते! पैसे देणाऱ्याला सगळीकडे सोय असते. आणि माझा प्रोग्राम तुमच्याही फायली उघडतो!"

आणि अकरा वर्षं जे झालं नव्हतं ते झालं. दप्तरखान्याकडून डिस्कची नक्कल मागवून सोमवारी सकाळी त्यांनी 'नंतर'च्या शेजारचं बटण दाबलं. पैसे भरले. अकरा वर्षांच्या पापाचं एका रकमेत उद्यापन! पडदा लखलखला. 'धन्यवाद, श्री. वेंडेलिन ब्रॉकमान! आता आपण आमचे सन्माननीय ग्राहक आहात.'

ब्रॉकमानांचे डोळे भरून आले. त्यांनी फाईलवर दोनदा टिचकी मारली.

'पासवर्ड टाका.'

मागे उभे असलेले लोबे खुर्ची ओढून शेजारी बसले. टोमणा मारायला जागा होती, वैरही होतं. पण त्यांची आई सदतीस नंबरच्या कॅसेटवर होती.

मंडळाची शेवटची सभा सायकलींच्या मध्ये उभ्यानेच झाली. बाईंनी अहवालाला पुरवणी जोडली, 'पैशाचा प्रोग्राम आणि फुकटचा प्रोग्राम, दोन्ही सारखेच विश्वासू आहेत. कुणालाही आत येऊ देत नाहीत.' एकमताने मंजूर! हासेनब्रोकच्या इतिहासातलं पहिलं एकमत.

"असं करा ब्रॉकमान," सभा संपल्यावर बाई हलकेच म्हणाल्या, "आईंची हकिगत तुम्हाला तर पाठ असेल. तुम्हीच सांगा, मी भरून घेते. तेवढी तरी राहील."

ब्रॉकमान मायक्रोफोनसमोर बसले. घसा साफ केला. बटाट्याचं पोतं. बर्फ. अकरा मैल. मग? कुणाच्या घरून आणलं पोतं? वाटेत कोण भेटलं? त्या दीड तासात ते आवाजाची सुई बघत होते, फीत नीट फिरतेय का ते बघत होते, नंबर लिहीत होते. कॅसेट तर होतीच, कधीही ऐकता आली असती. नंतर.

शेवटी त्यांनी तोंड उघडलं, आणि आईच्या बोलीत, आईच्याच ठसक्यात म्हणाले, "वेंडेल, बंद कर त्ये यंत्र आता, सूप लागतंय खाली."

बस्स. तेवढंच ऐकलं होतं.

बाईंनी बटण बंद केलं. पाच सेकंदांची फाईल झाली. लोबेंनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकून आकार बघितला आणि म्हणाले, "ही दाबायची गरज नाही."