पडद्यावर सगळं हिरवं

गॅस कंपनीतल्या तपासणीवाल्या बाईंची पत त्या आठवड्यात पार रसातळाला गेली होती. सोमवारी त्यांच्या हातातलं गळतीशोधक यंत्र ओरडलं म्हणून रस्ता खोदला, तर खाली गटार. बुधवारी पुन्हा ओरडलं, तर निघाला खताचा खड्डा. तेव्हापासून ऑफिसात त्यांचं नाव पडलं 'भोंगाबाई'.

शुक्रवारी नव्या नियंत्रण कक्षाचं उद्घाटन होतं. भिंतभर पडद्यावर साऱ्या गॅसवाहिन्या हिरव्यागार दिसत होत्या. "कुठंही गळती झाली की पडदा लाल होणार," मोठे साहेब पाहुण्यांना सांगत होते. एवढ्यात शेजारच्या कँटीनकडून भोंगाबाई धावत आल्या.

"साहेब, कँटीनच्या पाइपातून गॅस गळतोय."

"पडदा हिरवा आहे, बाई."

"पडद्याला नाक नाही, साहेब."

"आज काय निघणार? गटार की खत?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंचे कान तापले. तिसऱ्यांदा चुकलं तर नोकरीवर गदा येणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण पाहुण्यांच्या चहासाठी शेगडी पेटायच्या बेतात होती. वाद तिथंच टाकून त्या कँटीनमध्ये शिरल्या, आचाऱ्याच्या हातातला लायटर हिसकावला, खिडक्या सताड उघडल्या आणि भांडी घासायचं साबणपाणी पाइपच्या सांध्यावर ओतलं. सांध्यावर बोराएवढे फुगे येऊ लागले.

मागोमाग रागावून आलेले साहेब फुग्यांकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "सगळ्यांना बाहेर काढू ना, बाई?"

"काढा. आणि कुणी विजेच्या बटणाला हात लावू नका."

माणसं अंगणात जमली. बाईंनी बाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. लगेच नियंत्रण कक्षातच राहिलेला ऑपरेटर हर्षभरित चेहऱ्यानं पळत आला.

"साहेब, यंत्रणेनं गळती पकडली. पडदा लाल झालाय."

"मी व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून दाब उतरलाय," बाई म्हणाल्या. "बारीक गळती पडद्याला दिसलीच नव्हती."

प्रमुख पाहुणे पोट धरून हसले. हातातली कात्री त्यांनी बाईंपुढे धरली. "फीत तुम्हीच कापा."

"कापते. पण आधी सांधा दुरुस्त करू द्या."

पाऊण तास उद्घाटन खोळंबलं. पाहुणे अंगणात उभे होते, आणि मोठे साहेब भोंगाबाईंच्या शेजारी उकिडवे बसून, त्या मागतील तो पाना त्यांच्या हातात देत होते.